पाण्यावर वखर

धुळ्यात, विशेषतः नदीपलीकडच्या देवपुरात, माणसाला बदनाम व्हायला फार कष्ट पडत नाहीत. चारचौघांपेक्षा काहीतरी वेगळं केलं की काम झालं. कूलरवाल्या अय्युबभाईंनी तर एकदम दोन वेगळ्या गोष्टी केल्या होत्या. पंचेचाळिशी उलटल्यावर ते पतंग उडवत होते, आणि तोही पाण्यात उतरून.

पतंग म्हणजे आपला संक्रांतीचा नव्हे. खोलीभर मोठा, वाऱ्याने टरारून फुगलेला, चार दोऱ्यांचा. दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची, मग वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाणी उडवत धरणभर पळतो. मस्कतला नोकरीत असताना अय्युबभाई हे शिकले आणि त्यात पट्टीचे झाले. तिथले गोरे लोकसुद्धा आपल्याला 'उस्ताद' म्हणत, असं ते सांगत. खात्री करून घ्यायला देवपुरातून मस्कतला कोणी गेलं नाही, त्यामुळे उस्ताद हे नाव टिकून राहिलं.

अडचण एकच होती. खानदेशात वारा आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मे महिन्यात वारा असा सुटतो की दुकानाच्या पाट्या शेजारच्या गल्लीत सापडतात, पण तेव्हा पिंपळझिऱ्याच्या धरणात म्हशींना बसायलाही पाणी पुरत नाही. दिवाळीनंतर धरण काठोकाठ भरलेलं, तर वारा नुसता हजेरी लावून जातो. पावसाळ्याच्या तोंडाशी दोघांची चार-दोन दिवस गाठ पडली तर पडली. बाकी वर्षभर आमचे उस्ताद दुकानात बसून कूलरच्या पंख्याचा वारा खात आणि सुस्कारे सोडत. त्यांना खरोखर वाईट वाटे. जी एक गोष्ट आपल्याला उत्तम येते तिला या जिल्ह्यात जागाच नाही, हे दुःख कोणाला सांगणार?

यावर त्यांना उपाय सापडला तो फॉइलचा. त्याच फळीच्या पोटाला हातभराहून लांब दांडा लावायचा, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला विमानासारखे आडवे पंख. पंख पाण्याखाली, फळी वर. जरा वेग आला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात आणि माणूस अधांतरी तरंगत जातो. याला वारा अगदी थोडका पुरतो. मस्कतचा जुना सोबती साकिब सुट्टीवर घरी येताना आपला जुना फॉइल घेऊन आला. "भाई, तुम्हाला काय, दोन दिवसांत जमेल," असं म्हणाला आणि लगेच लग्नाला नंदुरबारला निघून गेला. सल्ला देऊन लग्नाला निघून जाणारी माणसं या जगात फार आहेत.

फोनवर एक परदेशी मास्तर फॉइल शिकवत असे. त्याचं पहिलंच वाक्य होतं, 'तुम्हाला काईट येत असेल तर आधी जे येतं ते सगळं विसरा.' जुन्या फळीवर मागच्या पायावर रेलायचं असतं, फॉइलवर तसं केलं की तो उधळून वर येतो आणि माणसाला फेकतो. म्हणजे नवख्यापेक्षा जाणकार जास्त पडतो. अय्युबभाईंनी हे गंभीर चेहऱ्याने घरी बायकोला सांगितलं.

"विसरायचंच असेल तर तुम्ही पहिले याल," मुमताजभाभी म्हणाल्या. "सिलिंडर सांगून ठेवायला सांगितलं होतं, ते कसं बिनशिकवणीचं विसरलात?"

सराव म्हणून त्यांनी दुकानात कूलरच्या रिकाम्या टाकीवर फळी ठेवली आणि तिच्यावर उभं राहून तोल साधायला लागले. गिऱ्हाईक आलं तरी खाली उतरत नसत. वरूनच भाव सांगत. हे पाहून समोरचे झुलाल सर आले. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. उभ्या आयुष्यात त्यांनी बादलीपलीकडे पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं, पण पाण्याचे सगळे नियम त्यांना पाठ होते.

"यात काहीच नाही," सर म्हणाले. "पंखाच्या वर दाब कमी, खाली दाब जास्त. झालं. तुम्ही उगाच तोल कशाला सांभाळता? तोल आपोआप सांभाळला जातो." एवढं बोलून त्यांनी पटवून देण्यासाठी टाकीला हात लावला आणि उस्ताद पंख्यांच्या खोक्यांवर जाऊन पडले. सरांनी शांतपणे सांगितलं की हा प्रयोग हवेतला होता, पाण्यात निकाल वेगळा येईल.

मग परवानगीचं प्रकरण सुरू झालं. आजवर चार दिवसांची मौज म्हणून कोणी विचारलं नव्हतं. आता रोज पाण्यात जायचं म्हटल्यावर कायदेशीर असावं, असं अय्युबभाईंच्या मध्यमवर्गीय मनाने घेतलं. हीच चूक. ते धरणाच्या कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, "हे पाण्यावर चालतं?" "हो." "म्हणजे होडी. होडीची नोंदणी आणा." होडीच्या नोंदणीवाल्यांनी विचारलं, "बूड पाण्याला टेकतं?" अय्युबभाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की सगळी गंमतच न टेकण्यात आहे. "मग होडी नाही. उडतं ते आमच्याकडे येत नाही." उडणाऱ्याची चौकशी करायला ते पतंग गाडीत घालून निघाले, तर नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. संक्रांत जवळ आली होती, नायलॉन मांजावर बंदी होती आणि अय्युबभाईंच्या डिकीत सुतळीएवढ्या दोऱ्यांची चार भेंडोळी होती.

"साहेब, हा मांजा नाही. याने कापाकापी होत नाही."

"पतंगाला लावता ना?"

"लावतो, पण त्याने मी ओढला जातो."

हवालदाराने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. या वयाचा, या पोटाचा माणूस पतंगामागे ओढला जातो हे त्याला पटेना. शेवटी झुलाल सरांना फोन लावला. सरांनी दाब आणि क्षेत्रफळ यांबद्दल इतका वेळ सांगितलं की हवालदाराने फोन परत दिला आणि जा म्हणाला. सरांच्या विद्वत्तेचा आयुष्यात एवढा सरळ उपयोग पूर्वी कधी झाला नसावा. कचेरीतल्या साहेबांनीही अखेर डोक्याचा ताप दुसऱ्याच्या गळ्यात घातला. "धरणातल्या मासळीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे. त्यांची हरकत नसेल तर आमची नाही," ते म्हणाले. खरं धरण कोणाचं हे त्या दिवशी कळलं.

संस्थेचे अध्यक्ष हिलाल नाना काठावर जाळी सुकवत बसले होते. त्यांनी फॉइल उलटासुलटा करून पाहिला, दांडा पाहिला, आडव्या पंखाच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"हाई ते वखर शे, भो," नाना म्हणाले. "जमीन वखरतस ते ठीक. पानी काबरं वखरस?"

"नाना, हे वखर नाही. हे विमानाच्या पंखासारखं..."

"वखरखाले जे येस ते बठ्ठं कापाई जास. तन बी आनि आमनं जायं बी."

नानांचं म्हणणं खोटं नव्हतं. धरणाच्या मध्यावर थेट आडवी जाळी लावलेली होती, वर प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग तरंगत होती, आणि हातभर खोल चालणारी धार त्यातून गेली असती तर संस्थेचे मासे सुट्टीवर गेले असते. अय्युबभाईंनी हात जोडले, मस्कतचं नाव घेतलं, दोन कूलर फुकट दुरुस्त करून देण्याचं कबूल केलं. तेव्हा नाना इतकं बोलले की येत्या रविवारी एकदा सगळ्यांसमोर चालवून दाखव. जाळ्याचा एक धागा जरी तुटला तर फॉइल नाही, पतंग नाही, त्या पावसाळ्यातल्या चार दिवसांचीही गोष्ट नाही. या धरणात परत पाय ठेवायचा नाही.

अय्युबभाई घरी आले ते जेवले नाहीत. धरणाशिवाय आसपास दुसरं पाणी नव्हतं. हे गेलं की उस्ताद नुसते कूलरवाले राहणार होते. आणि फॉइलवर तर ते अजून एकदाही उभे राहिले नव्हते.

ही गोष्ट गुपचूप उरकावी असं त्यांना फार वाटत होतं. पण भिंतीपलीकडच्या कमलबाईंना कळलं. कमलबाईंचा हिवाळ्यातला एकच विचार असतो, आणि तो म्हणजे भरीत. रविवार, धरण, थंडी आणि गल्लीतला माणूस पाण्यात, एवढं जुळून आल्यावर भरीत पार्टी न करणं म्हणजे खानदेशी रक्ताचा अपमान होता. त्यांनी हिरवी लांबट वांगी सांगितली, कपाशीच्या काड्यांचे भारे सांगितले, कळण्याच्या भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ दळून आणलं. "तुम्ही आपलं पडा, उठा, काय ते करा अय्युबभाऊ," त्या म्हणाल्या. "जेवणाची काळजी करू नका."

"अक्का, माझी परीक्षा आहे हो."

"म्हणून तर. रिकाम्या पोटी कोणी परीक्षा पाहतं का?"

रविवारी अर्धं देवपूर धरणावर लोटलं. काठावर सतरंज्या पडल्या, काड्यांचा जाळ पेटला, वांगी भाजायला लागली. धूर जरासा तिरका जात होता. वारा तेवढाच होता, फॉइलपुरता. पतंग वर सोडायला कोणीतरी धरून उभं राहावं लागतं. ते काम झुलाल सरांनी मागून घेतलं आणि पतंग धरून जमलेल्या मंडळींना वाऱ्याचे नियम समजावायला लागले. अय्युबभाई छातीभर पाण्यात, फॉइल पायाशी, "सोडा, सर, सोडा!" असं ओरडत होते. सर म्हणत होते, "एक मिनिट, मुद्दा पुरा करू द्या."

शेवटी पतंग वर गेला. अय्युबभाई फळीवर चढले. आता पुढचा पाय दाबायचा, मागचा सैल सोडायचा, हे त्यांनी कितीदा घोकलं होतं. पण मस्कतच्या पायांनी आपला इतक्या वर्षांचा धर्म सोडला नाही. ते मागे रेलले. फॉइल खालून उधळला, फळी वर आली, उस्ताद क्षणभर आभाळाकडे पाहत राहिले आणि पाठीवर आपटले. धप्पकन् आवाज झाला. काठावर टाळ्या पडल्या.

दुसऱ्यांदा ते पुढे कलले, तर फळीने तोंड खाली घातलं आणि हे नाकावर गेले. तिसऱ्यांदा पतंगाने त्यांना ओढून नेलं आणि फॉइल काठाच्या गाळात रुतला. चौघांनी मिळून उपटला तेव्हा त्याच्या पंखाला शेवाळ लोंबत होतं. "वखरनं तन काढं ना भो!" कोणीतरी ओरडलं आणि गावकरी मनापासून हसले. सल्लेही सुरू झाले. पोट आत घ्या. श्वास धरा. पाय ओले झालेत, पुसून घ्या. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पाय पुसायला सांगणारा तो गृहस्थ नंतर कधी सापडला नाही.

अय्युबभाई रडण्याच्या बेताला आले होते. पडण्याचं काही नाही, मस्कतला ते पुष्कळ पडले होते. पण तिथे पाहणारे अनोळखी होते. इथे प्रत्येक धप्पकन् आवाजाबरोबर उस्तादपणाचा एकेक तुकडा पाण्यात जात होता आणि तो ओळखीच्या माणसांच्या डोळ्यांदेखत जात होता.

तेवढ्यात काठावर कमलबाईंचा आवाज आला, "चला, गरम आहे तोवर बसा!"

आता खानदेशात भरीत पानात पडल्यावर काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. वांगी लाकडी बडगीत कुटलेली, हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, दाणे, वर तेलाची धार, आणि बाजूला कळण्याची भाकरी. माना खाली गेल्या. बोलणं बंद झालं. झुलाल सरांनी मुद्दा अर्धा टाकला. लोकांनी धरणाकडे पाठ केली, कारण धुराचा झोत त्या बाजूने येत होता.

आणि त्याच वेळी, पाहणारं कोणी नसल्यामुळे असेल, अय्युबभाईंचे पाय सैल पडले. ते फळीवर उठले. पुढचा पाय आपोआप दाबला गेला. फळी जराशी थरथरली, पाण्याचा फसफसाट कमी होत गेला आणि एकदम थांबला.

ते वर होते. खाली पाणी होतं आणि पाण्याला त्यांची खबर नव्हती. जुन्या फळीचा तो खडखडाट नाही, तुषार नाही, काही नाही. नुसता कानाशी वारा. पाणकोंबड्या बाजूला पोहत होत्या, त्यांनीही मान वळवली नाही. अय्युबभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सुख इतक्या शांतपणे मिळू शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मुमताज!" ते ओरडले. "सर! अक्का!" काठावर भाकरी मोडल्या जात होत्या.

मग त्यांना बाटल्यांची रांग दिसली. जाळी अगदी समोर होती. आणि वळायचं कसं हा धडा त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. फोनवरचा मास्तर तिसऱ्या भागात वळायला शिकवत होता, अय्युबभाई पहिल्यावर थांबले होते. थांबावं, तर पडून फॉइल थेट जाळ्यात जाणार. पलीकडे आपल्या होडीत हिलाल नाना उभे, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

त्या क्षणी अय्युबभाई सगळं विसरायचं विसरले. हातांनी मस्कतचं काम केलं. पतंग सपकन डोक्यावर घेतला, दोऱ्या कडक ताणल्या, पाय फळीच्या पट्ट्यांत घट्ट रोवले आणि माणूस, फळी, दांडा, पंख असं सगळं लटांबर पाण्याबाहेर उचललं गेलं. बाटल्यांच्या रांगेवरून फॉइल पाणी निथळत पार झाला. एवढ्याशा वाऱ्यात अशी उडी मस्कतलाही कोणी मारली नसती. पलीकडे मात्र ते सरळ पोटावर आले. दणका असा बसला की काठावरच्या माना एकदम वर झाल्या.

"पडले परत!" कमलबाई म्हणाल्या. "वाढा रे तिकडे अजून."

नानांनी त्यांना होडीत ओढून घेतलं. जाळी पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत हाताने चाचपत होडी काठाला आणली. अय्युबभाई ओले, थरथरत, पण मुद्रा विजयाची. "नाना, सांगा यांना, तुम्ही पाहिलंत ना? उडी पाहिलीत ना?"

"मी कसाले तुले देखू?" नाना म्हणाले. "मी जायं देखी ऱ्हायंतू." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जायं साबूत शे. येऊ द्या याले. पन भो, पडना भारी तू!"

परवानगी मिळाली. इज्जत गेली. गल्लीत परतेपर्यंत उडीची गोष्ट अय्युबभाईंनी पाच-सहा जणांना सांगितली आणि प्रत्येकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "असू द्या, होतं असं" म्हटलं. मुमताजभाभी काहीच बोलल्या नाहीत. तेच अय्युबभाईंना जास्त लागलं.

पुढच्या रविवारी आणखी माणसं आली. कूलरवाला कसा पडतो याचा व्हिडिओ जळगावपर्यंत पोचला होता. सावद्याचे एक केळीचे व्यापारी पाहुण्यांना घेऊन आले, येताना केळ्यांचा घड आणला. काठावर मच्छीमार संस्थेने कढई मांडली आणि ताजे मासे तळायला घेतले. मधल्या दिवसांत अय्युबभाईंनी एकट्याने सराव करून वळणही साधलं होतं. त्या रविवारी ते उठले, तरंगत समोरच्या काठाला गेले, वळले आणि तरंगत परत आले. एक थेंब उडाला नाही.

लोक कंटाळले. "आज बरं नाही का हो अय्युबभाऊंना?" कमलबाईंनी काळजीने विचारलं. झुलाल सर म्हणाले, "घर्षणच नाही, मग दृश्य कुठून असणार?" सावद्याचे पाहुणे घड्याळ पाहायला लागले, कढईपाशी कोणी फिरकेना.

नानांनी उस्तादांना होडीआड नेलं. "भो, लोके कसाकरता येतस? तू पडस म्हनीसन येतस. तू नही पडना ते संस्था तुले पानीमा काबरं येऊ देई?"

अय्युबभाईंनी पट्टा कमरेला आवळला. मग पतंग उचलला, काठापासून सगळ्यांना दिसेल अशा अंतरावर गेले, मागच्या पायावर चांगले रेलले आणि हात-पाय फेकत पाठीवर आपटले. काठ दुमदुमला. मस्कतच्या कोणत्याही गोऱ्या माणसाला जमलं नसतं इतकं ते पडणं सफाईदार होतं. पुढे तर त्यांनी त्यात प्रकार बसवले. नाकावर, पाठीवर, एका पायावर लोंबकळत. जे न करायला शिकण्यासाठी इतका आटापिटा केला, ते आता नेमाने दर रविवारी करावं लागतं, याचा संताप त्यांना येई. तो गिळून ते पडत.

मग भरीत पानात पडे, माना खाली जात, आणि मागे धरणावर कोणी एक माणूस बिनआवाज उडत राही. तेवढा वेळ त्यांचा.

अशाच एका रविवारी ते काठाजवळून तरंगत जाताना त्यांना दिसलं की सतरंजीवर एकच तोंड पाण्याकडे आहे. मुमताजभाभी ताट बाजूला ठेवून बघत होत्या. अय्युबभाईंचा तोल गेला आणि ते खरोखरचे पडले. कोणीच पाहिलं नाही. ते धापा टाकत काठाशी आले.

"पाहिलंस? कसा जातो ते?"

"मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "जाळ्यावरून उडी मारलीत ती पण."

अय्युबभाई पाणी निथळत सतरंजीपर्यंत आले. "मग तेव्हा बोलली का नाहीस? लोकांना सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा तोंडात घास होता," भाभी म्हणाल्या. मग ताट जवळ ओढून त्यांनी भाकरी मोडली. "आणि घास उतरल्यावर विचार केला. पडणं काय, तुम्ही दर रविवारी पडाल. लोकांनी दर रविवारी ती उडी मागितली असती, तर कुठून आणली असती?"